सातवीचा शेवटचा तास

मुलांनो, शाळा सुरू झाली की फळ्यावर वेळापत्रक येतं आणि तुम्ही ते वहीत उतरवून घेता. पहिली नजर कुठे जाते? खेळाच्या तासावर! मग कोणीतरी कुरकुरतं, "शी! शेवटचा तास गणिताचा!"

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे एका वर्गाचे बहुतेक विषय एकच बाई शिकवतात. त्यामुळे वेळापत्रक म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या हायस्कूलचे सर म्हणाले, "बाई, वेळापत्रकाला जरा मदत करता का?" मी गेले आणि थक्कच झाले.

पाचवी ते दहावी असे ६ वर्ग. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास, शनिवारी ५. म्हणजे एका वर्गाचे आठवड्याला ४५ आणि सहा वर्गांचे २७०! सरांनी तेवढ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या होत्या. शिक्षक १०. नियम साधाच. एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांवर जाऊ शकत नाही.

चित्रकलेचे सर दोन शाळांत शिकवतात, इथे येतात फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. प्रत्येक वर्गाला २ तास, म्हणजे त्या दोन दिवसांच्या १६ तासांत त्यांचे १२ तास बसवायचे. त्या चिठ्ठ्या आधी लावल्या. मग विज्ञानाचे जोडतास, कारण प्रयोगशाळा एकच.

चार दिवसांनी तक्ता भरला. सर खूश! मी सहज सातवीची ओळ वाचली. सोमवार ते शुक्रवार, रोज शेवटचा तास गणित. ही मुलं चौथीत माझ्याकडे होती. त्यातली काही लांबच्या वाडीवरून चालत येतात. संध्याकाळी त्यांचे डोळे कसे मिटायला लागतात, ते मी पाहिलंय.

"सर, ही मुलं वर्षभर पेंगत गणित शिकणार?"

"एक चिठ्ठी हलवून बघा, बाई," सर म्हणाले.

हलवली. तर गणिताचे सर त्या वेळी नववीवर. नववीचं गणित उचललं, तर तिथे इंग्रजी आणावं लागलं. इंग्रजीच्या बाई तेव्हा पाचवीवर. पाचवीचा तास सरकवायला गेले, तर मध्ये चित्रकला! ती तर हलवताच येईना.

सर हसले. म्हणाले, "हंगेरीचे गणितज्ञ देनेश क्योनिग यांच्या १९१६ सालच्या एका सिद्धांतातून असं निघतं, की वर्ग असो वा शिक्षक, कोणाच्याही वाट्याला ४५पेक्षा जास्त तास नसतील, तर ४५ तासांत टक्कर न होता सगळं बसतंच. पण प्रत्येकानं 'मला कोणतीही वेळ चालेल' असं म्हणायला हवं. 'मी अमुक दिवशीच येणार' असं कोणी म्हटलं, की खरी गुंतागुंत सुरू होते. एव्हन, इताई आणि शामीर या तिघांनी १९७६ साली दाखवलं, की मग हे कोडं फार अवघड कोड्यांच्या गटात जातं. अशा प्रत्येक वेळापत्रकाला लागू पडेल अशी झटपट रीत अजून कोणालाच सापडलेली नाही. संगणकालाही नाही!"

आम्ही आणखी दोन दिवस बसलो. शेवटच्या तासांचं गणित तीन वर्गांत वाटलं. सातवीला २ दिवस, आठवीला २ आणि नववीला १. सातवीच्या मोकळ्या झालेल्या तीन जागी दोनदा खेळ आणि एकदा कार्यानुभव आला. आठवी-नववीची मुलं कुरकुरतील. कुरकुरू देत! कोणाचा तरी शेवटचा तास गणिताचा असणारच. मात्र तो रोज एकाच वर्गाच्या वाट्याला येऊ नये.

आता तुम्ही करून पाहा. ३ वर्ग, ३ शिक्षक, ३ तास. प्रत्येक शिक्षकानं प्रत्येक वर्गावर एकदा जायचं. जमेल. मग ठरवा, की एक शिक्षक पहिल्या तासाला येणारच नाहीत. आता ३ तास पुरतात का? आई-बाबांना विचारू नका, चिठ्ठ्या कापा!