गोठ्यातली खबर, दवाखान्यातला ताप

भातकुलीसारख्या खारपाणपट्ट्यातील तालुक्यात शेतकऱ्याचे घर आणि गोठा यांत पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. शासकीय दप्तरात मात्र हे अंतर फार वाढते. माणसाचा ताप आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत लिहिला जातो. गाय गाभडल्याची नोंद झालीच, तर ती पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. या दोन वह्या क्वचितच शेजारी ठेवून वाचल्या जातात.

ब्रुसेलोसिससारखा रोग नेमका या फटीतून निसटतो. बाधित गाय गाभडते. तिची वार उघड्या हातांनी काढणाऱ्याला किंवा कच्चे दूध पिणाऱ्याला पुढे चढउताराचा ताप येतो, सांधे दुखू लागतात. हा ताप हिवताप वा विषमज्वर समजला जाण्याचा संभव मोठा असतो. गोठ्यातील घटना डॉक्टरांच्या कानी आधीच गेली, तर तपासणीची दिशा बदलू शकते.

जनावर आधी इशारा देते, हा अनुभव नवा नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास माणसेही तापाने आजारी पडली. गोचिडीवाटे पसरणारा तोच रोग २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसला. त्या भागांत मेलेले माकड ही आज धोक्याची सूचना मानली जाते.

मग गोठ्यातून अशी सूचना का येत नाही? कारण केवळ अज्ञान नव्हे. निदान झाले की जनावराची किंमत कोसळते. खबर देणाऱ्याचा तोटा निश्चित, लाभ मात्र साऱ्या गावाचा! अशा वेळी गाय मुकाट्याने बाजारात जाते आणि तिच्याबरोबर रोगही दुसऱ्या गावी पोहोचतो. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लू आला, तेव्हा नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई शासनाने दिली होती. गाय अशी नष्ट करता येत नाही; म्हणून तिला वेगळी बांधून सांभाळण्याचा खर्च तरी समाजाने उचलावयास हवा.

ब्रुसेलोसिसविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. माणूस व जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ मध्ये नागपुरात झाली. ही पावले स्वागतार्हच होत. परंतु तालुक्याचे दोन डॉक्टर, एक माणसांचा व एक जनावरांचा, आठवड्यातून एकदा आपापल्या वह्या घेऊन एका टेबलाशी बसू लागले नाहीत, तर नागपूरची संस्था भातकुलीपासून दूरच राहील.