खेळ अर्धा असताना

कर्जतहून सुटलेली लोकल भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी करत भरत जाते. बदलापूर येईपर्यंत उभं राहायलाही जागा उरत नाही, तरी दारातली पोरं मोबाइल आडवा धरून खेळत असतात. चौघं एकाच सामन्यात उतरलेले. एक ओरडतो, "मागून येतोय रे!" आणि दुसरा स्टेशन आलं तरी मान वर करत नाही. कर्जत-खालापूरच्या मुलांना गेम नवा नाही. तो बनतो कसा, तो पुरा होण्याआधी कसा दिसतो, हे मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलं आहे. ते पाहायला म्हणून मी त्याच लोकलने कुर्ल्याला उतरलो आणि वांद्रे-कुर्ला संकुलात गेलो. १ ते ४ मे २०२५ या दिवसांत जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये 'वेव्हज' हे मोठं संमेलन भरलं होतं. चित्रपट, ॲनिमेशन, कॉमिक्स यांच्या पंगतीला तिथे व्हिडिओ गेमलाही पान वाढलेलं होतं.

गेमचं प्रदर्शन हा बाजार असला, तरी तिथला बराचसा माल अजून तयार झालेला नसतो. सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी येणारे खेळ तिथे आधी दाखवले जातात. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला 'ई-थ्री' हे प्रदर्शन सुरू झालं आणि पुढची पंचवीसेक वर्षं जगभरचे गेमवाले त्याच तारखांकडे डोळे लावून बसत. मग कंपन्या आपापल्या घोषणा थेट इंटरनेटवरून करू लागल्या, मध्ये कोरोना आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. जर्मनीत कोलोनच्या 'गेम्सकॉम'ला मात्र आजही तीन लाखांहून जास्त माणसं लोटतात. घोषणा घरबसल्या ऐकता येते, पण अर्धवट खेळ हातात घ्यायचा तर जावंच लागतं.

मोठ्या पडद्यांसमोरची गर्दी सोडून मी कडेच्या एका छोट्या टेबलाशी थांबलो. एक लॅपटॉप, एक कंट्रोलर, कापडावर छापलेलं नाव, मागे उभी एक तरुण मुलगी. मी बसलो. पडक्या देवळासारखी जागा, मधे दरी, दरीवर तुटकी फळी. पहिल्या उडीला पडलो. दुसऱ्याही. तिने "काका, असं करा" म्हटलं नाही. हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं, बस्स. तिसऱ्यांदा पार झालो आणि उजवीकडे वळलो, तर समोर नुसती भिंत. तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "उजवीकडे का गेलात?"

"उजेड तिकडे होता."

तिने वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली रेघ मारली. "म्हणजे दिवा हलवायला हवा. सकाळपासून तुम्ही सहावे."

प्रदर्शन भरतं ते या वहीसाठी, असं माझं ठाम मत झालं आहे. बनवणाऱ्याने आपला खेळ हजार वेळा खेळलेला असतो, त्याला दरी दिसतच नाही. अनोळखी माणूस कुठे अडखळतो, कुठे कंटाळून कंट्रोलर खाली ठेवतो, हे त्याच्या पाठीमागे गप्प उभं राहूनच कळतं. या लोकांच्या बोलीत त्या त्या दिवसापर्यंत जमलेल्या खेळाला 'बिल्ड' म्हणतात. प्रदर्शनाला आणायचं बिल्ड वेगळं काढतात: एकच लेव्हल, दहा-पंधरा मिनिटांची, पण तिच्यात चित्र, आवाज, मारामारी सगळं पक्कं केलेलं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. चौक-कर्जत रस्त्यालगत नितीन देसाईंनी २००५ साली उभारलेला एनडी स्टुडिओ ज्यांनी आतून पाहिला आहे, त्यांना 'जोधा अकबर'चा किल्ला आठवेल. समोरून बुलंद दरवाजे, मागे गेलं की लाकडी टेकू आणि प्लायवूड. त्यात फसवणूक नाही, कॅमेरा जिथे जाणार तेवढंच बांधायचं असतं. डेमोही तसाच सेट असतो. फरक इतकाच की सिनेमाचा प्रेक्षक भिंतीमागे जाऊ शकत नाही, आणि गेम खेळणारा पहिल्यांदा तिकडेच जातो.

म्हणून झगमगाटाला भुलू नये. २०१२च्या ई-थ्रीत 'वॉच डॉग्ज'ची झलक पाहून लोक थक्क झाले होते. मे २०१४ मध्ये खेळ हाती आला तेव्हा ती झळाळी तेवढी राहिली नव्हती आणि त्यावर बराच गदारोळ झाला. पडद्यावरची झलक सेटचा दर्शनी भाग दाखवते. कंट्रोलर हातात घेतला की टेकू दिसतात, आणि ते किती भक्कम आहेत हेही कळतं.

खोपोलीहून घाट चढून गेलं की पुणं, आणि या धंद्यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट पुण्यातलीच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' नावाचा खेळ करायला घेतला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, भोवती राजस्थानी वाड्या-किल्ल्यांची बांधणी, पहाडी चित्रांची रंगसंगती, आणि कथा सांगायला प्रत्यक्ष दुर्गा आणि विष्णू. २०१७ च्या अखेरीस त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, डेमोही दिला. वर्गणी पुरी झाली नाही. संस्थापक अविचल सिंग आणि श्रुती घोष यांनी राहता फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. पुढे एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, आणि २०२० मध्ये 'राजी' बाजारात आला. त्याच वर्षी जगातल्या मानाच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार दुसऱ्याला गेला. पण वर्गणी फसली त्या दिवशी थांबले असते, तर तो डेमो कुठल्याशा हार्ड डिस्कवर पडून राहिला असता.

कडेच्या टेबलांशी उभ्या असलेल्या पोरांकडे पाहताना मला तो फ्लॅट आठवत होता. त्यांच्यातले किती खेळ पुरे होतील हे कुणीच सांगू शकत नाही. पैसे संपतात, मित्र नोकरीला लागतात, दिवा हलवायचा राहून जातो. घरच्यांना तर गेम म्हटलं की पैसे लावायचा जुगारच आठवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, त्यातही ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ वेगळे काढले आहेत. तो फरक घराघरांत पोचायला हवा. चित्रकार, सुतारासारखा लेव्हल रचणारा, संगीतकार, कथा लिहिणारा, हिशेब ठेवणारा: एवढी माणसं एका खेळामागे राबतात. चौकच्या स्टुडिओत ज्यांनी प्लास्टरचे खांब घडवले, त्यांच्या मुलांना हे काम परकं वाटायचं कारण नाही.

मुंबई-पुण्यात पुढचं प्रदर्शन भरेल तेव्हा घरातल्या मुलाला घेऊन सकाळची लोकल पकडा. मोठ्या पडद्यांपाशी थोडा वेळ द्या आणि कडेच्या टेबलांवर बसा. तीनदा पडलात तरी उठू नका. आणि मागे उभ्या असलेल्या मुलाने किंवा मुलीने काही विचारलं, तर खरं तेच सांगा. त्यांना तेच हवं असतं.