लाकडी लगद्यातले नॅनोतंतू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या बेसा परिसरातल्या आपल्या लोकांना बल्लारपूरची कागद गिरणी माहीत आहे, त्यामुळे बांबू-लाकडाचा लगदाही माहीत आहे. त्याच लगद्यातून सेल्युलोजचे हलके आणि बळकट नॅनोतंतू काढता येतात. त्यांना ‘पर्यावरणपूरक’ म्हणण्याआधी चार समजुती तपासून घेऊ.

गैरसमज 1: हे प्रयोगशाळेत घडवलेलं नवं रसायन आहे.
वस्तुस्थिती: नॅनोतंतू झाडातच असतात. लाकडाचा तंतू साधारण 20 ते 40 मायक्रोमीटर रुंद असतो. त्याच्या भिंतीत 3-4 नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्म तंतू घट्ट बांधलेले असतात. कारखाना ते फक्त सुटे करतो.

गैरसमज 2: झाडापासून मिळतं, म्हणजे निर्मितीही स्वच्छच.
वस्तुस्थिती: खरी मेख इथेच आहे. सुरुवातीच्या पद्धतींत लगदा प्रचंड दाबाने यंत्रातून पुन्हा पुन्हा ढकलत. त्यात टनामागे 25 हजार युनिटपर्यंत वीज जाई. लगद्यावर आधी विकरांची प्रक्रिया केली की विजेची मोठी बचत होते. टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई यांनी विकसित केलेल्या रासायनिक पद्धतीतही वीज वाचते, पण तिथे धुण्याचं पाणी आणि सांडपाण्याची शुद्धी सांभाळावी लागते.

गैरसमज 3: यासाठी जंगलं तोडावी लागतील.
वस्तुस्थिती: सेल्युलोज फक्त लाकडातच नसतं; कापसात ते 90 टक्क्यांहून अधिक असतं. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सिरकॉटमध्ये, 2015 साली नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला 10 किलो आहे. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतूही तिथे कच्चा माल ठरतात. आपले शेतकरी बीजप्रक्रियेला ट्रायकोडर्मा ही बुरशी वापरतात. त्याच कुळातल्या बुरशीच्या साह्याने कापसापासून नॅनोसेल्युलोज काढण्याचं कामही या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलं आहे.

गैरसमज 4: नॅनोतंतूंची वस्तू आपोआप कुजते.
वस्तुस्थिती: नुसतं सेल्युलोज कुजतं. प्लॅस्टिकमध्ये मिसळलं, तर प्लॅस्टिक तसंच मागे राहतं.

म्हणून नॅनोतंतूंची वस्तू कोणी ‘हिरवं उत्पादन’ म्हणून पुढे केली, तर विचारा: कच्चा माल कुठला? टनामागे वीज किती? पाणी आणि रसायनं पुन्हा वापरता का? वापरानंतर वस्तूचं काय होणार? कच्च्या मालाचंच म्हणाल, तर विदर्भात दर हंगामात शेतोशेती कापसाची पऱ्हाटी उरते आणि बरीचशी जाळली जाते. तिच्यातही सेल्युलोज आहे. याबद्दल विचारायला नागपुरातच सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. झाडाला हात लावण्याआधी या पऱ्हाटीचा विचार व्हायला हवा.