टेबलाची फळी

मुलांनो, पावसाळ्यात घराचे लाकडी दार चौकटीत अडकते, ते जोराने ओढावे लागते. उन्हाळ्यात तेच दार सहज उघडते. असे का होते? लाकूड कितीही वाळवले तरी ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की बाहेर टाकते. ओलावा शिरला की ते फुगते, गेला की आटते. मात्र लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. फरक पडतो तो रुंदीत. सागवानाची ६० सेंटिमीटर रुंद फळी ऋतूप्रमाणे ३-४ मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे तुम्हांला वाटेल. आमच्या घरी पावसाळ्यात एक टेबल करून घेतले होते. सुताराने वरची फळी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी सरस लावून, स्क्रू पिळून पक्की बसवली. टेबल किती मजबूत झाले, म्हणून आम्ही खूश! एप्रिलमध्ये एका दुपारी कडकन आवाज झाला. पाहतो तर फळी मधोमध उभी चिरलेली. तिला आटायचे होते आणि स्क्रू तिला आटू देत नव्हते.

मग सांधा कोणता निवडावा? रुंद फळी एकसंध मिळणे कठीण, म्हणून तीन-चार अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडतात. येथे साधा सांधाच पुरतो. दोन्ही कडा रंध्याने इतक्या सरळ करायच्या, की त्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे पाहिले तर मधून प्रकाश दिसू नये. मग सरस लावून शिकंज्यात आवळायच्या. या फळ्यांचे तंतू एकाच दिशेने जातात, त्या बरोबरीने फुगतात व आटतात. त्यामुळे सांध्यावर ताण येत नाही. नीट केलेल्या सांध्यावर जोर दिला तर शेजारचे लाकूड मोडते, सांधा सुटत नाही. खिळे तर मुळीच नकोत.

फळीच्या टोकांना आडवी पट्टी लावायची असेल तर गोष्ट वेगळी. फळी रुंदीत वाढणार, पण पट्टी लांबीत वाढणार नाही. म्हणून फळीच्या टोकाची जीभ पट्टीच्या खाचेत बसवतात, सरस फक्त मध्यभागी लावतात आणि कडेच्या मेखांसाठी जिभेत लांबट भोके पाडतात.

चौकटीवर फळी बसवतानाही हेच तत्त्व. फळीच्या खालच्या बाजूला लाकडी गुटके स्क्रूने लावतात. त्यांची टोके चौकटीच्या आतील खाचेत अडकतात, पण सरकू शकतात. दुसऱ्या एका सुताराने आमची चिरलेली फळी उतरवली, चिरेच्या कडा रंधून पुन्हा चिकटवल्या आणि असे गुटके बसवले. आता पावसाळ्यात ती चौकटीबाहेर थोडी जास्त आलेली दिसते.