सुरक्षा कोणाची? सीमेची की माणसाची?

'सुरक्षा' म्हटले की रणगाडे, क्षेपणास्त्रे आणि काटेरी तारेचे कुंपण डोळ्यांपुढे येते. जगाच्या राजकारणाने अनेक दशके हाच अर्थ पक्का केला. सीमा शाबूत, म्हणजे राष्ट्र सुरक्षित! त्या सीमेच्या आत माणूस उपासमारीने मरो, साथीने मरो की गटारात गुदमरून मरो, सुरक्षेच्या खात्यात त्याची नोंद नसे.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने. त्यामागचे प्रमुख नाव पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक यांचे. आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्तिगत, सामुदायिक आणि राजकीय अशी सुरक्षेची सात अंगे या अहवालाने मांडली. पुढे सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या आयोगाने २००३ मध्ये हाच विचार विस्ताराने मांडला. २०१२ मध्ये आमसभेने भय आणि अभाव यांपासून मुक्ती व सन्मानाने जगणे याला मानवी सुरक्षेचा आशय म्हणून मान्यता दिली. पण राज्यकर्त्यांनी काय केले? मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही गरीब देशांनी अणुस्फोट केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी हक यांचे निधन झाले.

आपल्यासाठी हा प्रश्न नवा नाही. १९५१ च्या बाबासाहेबांच्या राजीनाम्याच्या निवेदनाची चर्चा बहुधा हिंदू कोड बिलापुरतीच होते. त्याच निवेदनात बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरणावरही बोट ठेवले होते. ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी रुपये लष्करावर खर्च होतात आणि हा त्या धोरणाचाच परिणाम आहे, असे त्यांनी देशाला सुनावले. लष्कर नको, असे ते म्हणत नव्हते. ते हिशेब मागत होते.

मात्र 'नवी सुरक्षा' या शब्दानेही हुरळून जाऊ नये. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत थैमान घातले. अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी सुरक्षा परिषदेने ही साथ शांततेला धोका असल्याचे जाहीर केले. परंतु त्याआधीच, ऑगस्टमध्ये, लायबेरियाच्या राजधानीतील वेस्ट पॉइंट ही झोपडपट्टी पोलीस आणि लष्कराने वेढली होती. लोक आत कोंडले गेले, अन्नधान्य महागले, संतप्त जमावावर गोळीबार झाला आणि एका कोवळ्या मुलाचा जीव गेला. दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला. रोगाला 'सुरक्षेचा प्रश्न' म्हटले गेले, पण गरीब वस्तीकडे औषधाच्या आधी बंदूक पोहोचली!

म्हणून 'सुरक्षा कोणाची आणि ती ठरवणार कोण' हे विचारलेच पाहिजे. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी आली, तरी गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. तिथे उतरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे सांगायला नको. संरक्षणाच्या तरतुदीवर चर्चा होईल तेव्हा चळवळीने या माणसाचा हिशेबही मागावा. तो मागण्याचा अधिकार बाबासाहेबांनी १९५१ मध्येच बजावून ठेवला आहे.