टक् टक् टक्

डिसेंबरातली पहाट. पैठण गेटहून रेल्वे स्टेशनला निघालो होतो. रिक्षावाल्या चाचांनी सेल्फ मारला आणि इंजिनाऐवजी टक् टक् टक् टक् असा घाईघाईचा आवाज आला. "बॅटरी उतरली भाई, रात्रभर लाइट चालूच राहिली," म्हणत ते खाली उतरले. आम्ही दोघांनी रिक्षा ढकलली, ती धडधडली, मला गाडीही मिळाली. पण तो आवाज डोक्यात राहिला. बॅटरीत जीव नसेल तर सगळं गप्प हवं. मग टकटक कोण करत होतं?

छताच्या पंख्याचं बटण दाबलं की तो आपला आपण फिरतो. इंजिनाला ते जमत नाही. त्याला कुणीतरी आधी फिरवावं लागतं, तेव्हा कुठे ते हवा-इंधन आत ओढतं, दाबतं, ठिणगी पडते आणि पहिला स्फोट होतो. जुन्या रिक्षांत सीटशेजारचा लोखंडी दांडा वर ओढून हे काम हाताने करायचे. आता ते सेल्फची मोटार करते.

या कामाला वीज लागते ती भरमसाट. घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. ही मोटार क्षणभर ५० ते १०० अँपिअर ओढू शकते. १२ व्होल्टची बॅटरी १०० अँपिअर देते तेव्हा ती १,२०० वॅट, म्हणजे दीडेक अश्वशक्ती ओतत असते. एवढा प्रवाह अंगठ्याखालच्या नाजूक बटणातून नेला तर बटण वितळेल. म्हणून बटण फक्त निरोप देतं. दोन-चार अँपिअरचा प्रवाह रिले नावाच्या खटक्यातल्या तारेच्या वेटोळ्यात जातो, वेटोळं लोहचुंबक होतं, आतला लोखंडी दट्ट्या खेचून दोन जाड टोकं जोडतं आणि मोठा प्रवाह मोटारीकडे धावतो. त्या जोडणीचा आवाज म्हणजे एक 'टक्'.

आता त्या पहाटेचं कोडं. उतरलेल्या बॅटरीत रिले ओढण्यापुरती ताकद होती. टक्! टोकं जुळली. पण थांबलेली मोटार सगळ्यात अधाशी असते. फिरू लागली की ती स्वतःच बॅटरीच्या उलट दिशेने विजेचा दाब तयार करते आणि आपली भूक आवरते. थांबलेली असताना तिला आवरणारं असं काहीच नसतं. तिने घोट घेताच बॅटरीचा दाब कोसळला, चुंबक लुळं पडलं, टोकं सुटली. मोटारीची जोडणी तुटताच बॅटरीने श्वास घेतला, दाब वर आला, चुंबक पुन्हा जागं. टक्! सेकंदात कितीतरी वेळा हेच. ती टकटक म्हणजे जीव असलेल्या, पण ओझं न पेलणाऱ्या बॅटरीचा आवाज होता! त्यात थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं.

सेल्फ गाड्यांत रुळवला तो अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. त्याआधी पुढे वाकून दांडा गरागरा फिरवावा लागे, तो उलटा बसला की मनगट मोडे. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटार लागेल, असं जाणकार म्हणत. पण केटरिंगने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटार बसवली होती. क्षणभरच राबायचं असेल तर लहान मोटारीवर तिच्या ऐपतीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्याला तिथे उमगलं होतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते. म्हणून तर सेल्फ दाबून धरायचा नसतो; मोटार तापून जळते.

आणि ढकलल्यावर रिक्षा सुरू का झाली? चाचांनी गिअर टाकून क्लच सोडला तेव्हा चाकांनीच इंजिन फिरवलं. उरलेल्या विजेला फक्त ठिणगी पाडायची होती, आणि तेवढी ताकद त्या बॅटरीत अजून होती. त्या १०० अँपिअरची जागा आमच्या चार हातांनी घेतली होती.