मेसेजमध्ये ‘क्रेडिटेड’ आहे की ‘डेबिटेड’? आकड्याआधी शब्द वाचा

बँकेचा मेसेज आला की आपली नजर आधी आकड्यावर जाते. २००० दिसले की वाटतं, हप्ता आला! पण शेजारचा शब्द वाचला नाही, तर पैसे आले की गेले हेच कळत नाही. ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा झाले, ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले. पासबुकातलं जमा आणि नावे, तेच हे.

क्रेडिट या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ विश्वास ठेवणे. म्हणून क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीचं कार्ड. दुकानदार विश्वासावर वहीत लिहून माल देतो ना, तसंच. डेबिट कार्डातून मात्र आपलेच पैसे जातात.

असा अर्थ धरून शब्द शिकला की एका शब्दातून दुसरा सुटतो. आपल्याकडे शब्दाआधी ‘अ’ लागला की अर्थ उलटा होतो: पात्र-अपात्र, वैध-अवैध. इंग्रजीत तेच काम बऱ्याचदा ‘इन’ करतं. योजनेच्या यादीत ‘इलिजिबल’ म्हणजे पात्र, ‘इनइलिजिबल’ म्हणजे अपात्र. ‘इनव्हॅलिड ओटीपी’ आलं तर तो ओटीपी चालत नाही. ‘इनसफिशियंट बॅलन्स’ म्हणजे शिल्लक पुरेशी नाही. पण प्रत्येक ‘इन’ नकाराचा नसतो हं! इन्शुरन्स म्हणजे विमा, इन्स्टॉलमेंट म्हणजे हप्ता. तिथे हा हिशोब लावू नका.

अर्जाचं स्टेटस बघताना ‘पेंडिंग’ दिसलं तर अर्ज अजून निकाली निघालेला नाही. ‘रिजेक्टेड’ असेल तर नामंजूर झालाय. मग जवळपास ‘रीझन’ लिहिलंय का बघा, म्हणजे कारण.

सगळ्यात महाग पडतो तो छोटासा शब्द ‘पे’. फोनवर कुणीतरी सांगतो, कोड स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील. स्क्रीनवर मात्र ‘पे’ लिहिलेलं असतं, म्हणजे द्या! पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. पिन मागितला की समजा, पैसे आपल्याकडून जाणार. ‘क्रेडिटेड’ असा खोटा मेसेज पाठवून ‘चुकून जास्त आले, परत करा’ म्हणणारेही आहेत. आधी खात्यातली शिल्लक तपासा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.